सहा फासे की अठरा? पीप्सचा प्रश्न आणि न्यूटनचं उत्तर

२२ नोव्हेंबर १६९३ रोजी सॅम्युअल पीप्सने लंडनहून आयझॅक न्यूटनला एक पत्र लिहिलं. ते केंब्रिजला घेऊन गेला जॉन स्मिथ, लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत मुलांना लेखन शिकवणारा मास्तर. पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. एकाकडे सहा फासे आहेत, त्याने एकाच खेपेला टाकून सहाचं एक दान पाडायचं. दुसऱ्याकडे बारा फासे आहेत, त्याने दोन सहा पाडायचे. तिसऱ्याकडे अठरा आहेत, त्याने तीन. नशीब तिघांचं सारखंच धरलं, तर दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचं काम पहिल्याइतकंच सोपं नाही का?

विचारणारा ऐरागैरा नव्हता. पीप्सने इंग्लंडच्या आरमाराचा कारभार वर्षानुवर्षं सांभाळला होता आणि १६८४ ते १६८६ या काळात तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर छपाईच्या परवानगीखाली पीप्सचंच नाव आहे. दोघांच्या ओळखीत त्या वर्षी एक गाठही पडली होती. सप्टेंबर १६९३ मध्ये, मन पार बिघडलेल्या अवस्थेत, न्यूटनने पीप्सला ‘यापुढे तुमची ओळख ठेवणार नाही’ अशा आशयाचं पत्र पाठवलं होतं. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी फाशांचा हा प्रश्न आला आणि न्यूटनने चार दिवसांत त्याचं उत्तर लिहिलं. प्रश्नाला निमित्तही होतं. टॉमस नील याच्या लॉटरीने तेव्हा लंडनभर चर्चेला ऊत आणला होता आणि आकडेमोड करणारी माणसं संधी आणि धोक्याच्या हिशेबात बुडाली होती.

न्यूटनने आधी प्रश्न घट्ट बांधून घेतला. ‘एक सहा’ म्हणजे नेमका एक की किमान एक? मूळ पत्रातून हे स्पष्ट होत नव्हतं. ‘किमान’ धरायचं ठरलं आणि मगच गणिताला अर्थ आला. दहावीच्या संभाव्यतेच्या प्रकरणात मुलांचे सर्वाधिक गुण इथेच जातात, असं मला ठामपणे वाटतं. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, बिनचूक लिहिलेला असतो, दोन फाशांच्या ३६ जोड्या ओळीने मांडलेल्या असतात, आणि घटना मात्र भलतीच मोजलेली असते.

आता पीप्सच्या मनात काय होतं ते पाहू, कारण ते आपल्याही मनात येतं. एका फाशावर सहा पडण्याची संभाव्यता १/६. सहा फासे टाकले की सहा वेळा १/६, म्हणजे पुरा एक. बारा टाकले की दोन, अठरा टाकले की तीन. फासे दुप्पट, मागणी दुप्पट. फासे तिप्पट, मागणी तिप्पट. त्रैराशिक चोख बसतं, मग संधी सारखीच असायला हवी. पीप्सचा कल तर त्याही पुढे जाऊन अठरा फाशांकडे होता. जितके जास्त फासे, तितका जास्त वाव, असा तो विचार.

बेरीज चुकलेली नाही, तिचा अर्थ चुकतो आहे. सहा वेळा १/६ मिळवून जो १ येतो, ती संभाव्यता नव्हे. ती आहे सहा फाशांवर पडणाऱ्या सहांची सरासरी संख्या. संभाव्यता १ असती, तर सहा फासे टाकल्यावर सहा पडायलाच हवा होता. लुडो खेळणाऱ्या कोणत्याही घरात याचा उलटा अनुभव रोज येतो: सोंगटी बाहेर काढायला सहा हवा असतो आणि सहा पाळ्या कोरड्या जातात.

हे त्रैराशिक पीप्सच्या आधीही एकाला भोवलं होतं. फ्रान्समध्ये शेव्हालिए द मेरे या जुगाराच्या शौकिनाने ब्लेझ पास्काल या गणितज्ञापुढे एक अडचण मांडली होती. एक फासा चार वेळा टाकून किमान एक सहा पडेल अशी पैज लावणं फायद्याचं ठरतं. दोन फाशांवर मिळून ३६ दानं आहेत, म्हणजे सहाच्या सहापट. मग चारच्या सहापट, म्हणजे २४ वेळा दोन फासे टाकून किमान एकदा सहा-सहा पडेल ही पैजही तितकीच फायद्याची असायला हवी. पण तसं होत नाही. चार वेळा टाकण्यात एकूण १२९६ शक्यता, त्यांपैकी ६२५ मध्ये सहा पडतच नाही. उरल्या ६७१, म्हणजे सुमारे ५१.८ टक्के. पास्कालने २९ जुलै १६५४ रोजी फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात हेच प्रमाण आहे, ६७१ ला ६२५. दोन फाशांच्या २४ खेपांत मात्र संधी सुमारे ४९.१ टक्के भरते. पंचविसावी खेप दिली की ती ५०.५ च्या वर जाते. म्हणजे दोन पैजांमध्ये अंतर इतकं बारीक, की एका खेपेने पारडं फिरतं.

पीप्सचा प्रश्न त्याहून खोल आहे. मेरेच्या दोन्ही पैजांत एकदाच यश हवं होतं. इथे यशाची संख्याही वाढत जाते.

सहा फाशांपासून सुरुवात करू. फासे एकमेकांवर परिणाम करत नाहीत आणि प्रत्येकाच्या सहाही बाजू सारख्याच शक्य आहेत, एवढंच गृहीत आहे. एकूण निष्पत्ती, म्हणजे शक्य निकाल, ६ चा सहावा घात, म्हणजे ४६,६५६. ‘किमान एक सहा’ ही घटना सरळ मोजायला गेलं तर नेमका एक, नेमके दोन असं करत सहा वेगवेगळे हिशेब करावे लागतात. उलट बाजूने गेलं तर एकच पुरतो: एकही सहा नाही. प्रत्येक फाशाला मग पाचच बाजू उरतात, म्हणून ५ चा सहावा घात, १५,६२५. वजाबाकी ३१,०३१. भागाकार ०.६६५१, म्हणजे साडेसहासष्ट टक्के. लुडोत सलग सहा पाळ्यांत एकही सहा न पडणं साधारण तीनात एकदा घडतं, ते याच हिशेबाने.

बारा फाशांसाठी एकूण निष्पत्ती २,१७,६७,८२,३३६. किमान दोन सहा हवेत, म्हणून हरण्याच्या वाटा दोन. पहिली, एकही सहा नाही: ५ चा बारावा घात, २४,४१,४०,६२५. दुसरी, नेमका एक सहा. इथे थोडं थांबायला हवं. तो एक सहा बारांपैकी कोणत्याही फाशावर असू शकतो. एक जागा ठरवली की उरलेल्या अकरा फाशांवर पाच-पाच शक्यता, म्हणजे ५ चा अकरावा घात, ४,८८,२८,१२५. आणि अशा जागा बारा. गुणाकार ५८,५९,३७,५००. या बाराने गुणायचं विसरलं, तर उत्तर हाती येतं ते ‘ठरावीक एकाच फाशावर सहा’ या घटनेचं, आणि दुसऱ्या खेळाडूची संधी फुगून पार ८६ टक्क्यांवर जाते. दोन्ही वाटा मिळून ८३,००,७८,१२५. वजा करून जिंकण्याच्या निष्पत्ती १,३४,६७,०४,२११. भागाकार ०.६१८७.

हे दोन्ही अपूर्णांक, ३१,०३१ छेद ४६,६५६ आणि १,३४,६७,०४,२११ छेद २,१७,६७,८२,३३६, न्यूटनने स्वतः काढून पीप्सला कळवले होते. कागद, दौत आणि लेखणी एवढ्या साधनांवर हे गुणाकार झाले आहेत, हे ध्यानात घेतलं की त्या पत्राबद्दलचा आदर वाढतो.

अठरा फाशांना हरण्याच्या वाटा तीन होतात: शून्य सहा, एक सहा, दोन सहा. दोन सहांच्या जागा अठरांमधून निवडायच्या, त्याचे प्रकार १८ गुणिले १७ भागिले २, म्हणजे १५३. बाकी रीत तीच. टक्केवारीत सांगायचं तर एकही सहा न पडणं ३.८, नेमका एक १३.५, नेमके दोन २३.०, मिळून हरण्याची संधी ४०.३ टक्के. जिंकण्याची उरली ५९.७.

म्हणजे ६६.५, ६१.९, ५९.७. पीप्सला जो सर्वांत बरा वाटत होता, तोच सर्वांत वाईट पर्याय निघाला.

आकडे दिल्याने पीप्सचं समाधान झालं नाही. त्याला कारण हवं होतं, आणि या मागणीत मी पूर्णपणे त्याच्या बाजूचा आहे. नुसता अपूर्णांक हातात ठेवला, तर पुढच्या प्रश्नाला माणूस पुन्हा त्रैराशिकच वापरतो. न्यूटनने कारणही दिलं. सहा फासेवाल्याला त्याने पीटर म्हटलं आणि बारा फासेवाल्याला जेम्स. त्याचा युक्तिवाद असा: पीटरने जेव्हा जेव्हा सहा टाकला, तेव्हा तेव्हा तो जिंकतो. जेम्सच्या हातून मात्र सहा पडूनही तो वाया जाऊ शकतो, कारण एकट्या सहावर त्याला कधीच काही मिळत नाही. पीटरला आठ खेपांत चार वेळा सहा पडला तर तो चार वेळा नक्की जिंकतो; तितक्याच नशिबाने जेम्सला सोळा खेपांत आठ वेळा सहा पडूनही त्याच्या हाती काहीच लागलं नाही, असं होऊ शकतं.

वाचताना पटतं. निष्कर्षही बरोबर आहे. तरी युक्तिवाद टिकत नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टीफन स्टिगलर यांनी २००६ साली या पत्रव्यवहाराची बारकाईने तपासणी करून ही उणीव दाखवून दिली. हवी तर आपणही ती पडताळू शकतो. तेच खरे फासे घ्या, फक्त नियम थोडा सैल करा: सहाऐवजी ‘पाच किंवा सहा’ पडलेलं चालेल. पीटरला सहा फाशांत असं किमान एक दान हवं, जेम्सला बारात किमान दोन. न्यूटनचं बोलणं इथे शब्दन् शब्द लागू पडतं. पीटरचं प्रत्येक दान कामी येतं, जेम्सचं एकटं दान वाया जातं. तेव्हा पीटरच वरचढ ठरायला हवा.

आता मोजू. प्रत्येक फाशावर चुकण्याची संभाव्यता २/३. पीटर सहाही फाशांवर चुकण्याची संभाव्यता ६४/७२९. म्हणून जिंकण्याची ६६५/७२९, म्हणजे ९१.२ टक्के. जेम्सची एकही दान न पडण्याची संभाव्यता ०.८ टक्के, नेमकं एक पडण्याची ४.६ टक्के, म्हणजे जिंकण्याची ९४.६ टक्के. जेम्स पुढे! युक्तिवाद तोच, फासे तेच आणि निकाल उलटा. म्हणजे फक्त सहा चालणाऱ्या मूळ खेळात पीटर पुढे असण्याचं कारण न्यूटनने सांगितलं ते असू शकत नाही.

मग खरं कारण कोणतं? मला सर्वांत उघडी वाटणारी रीत अशी. जेम्सच्या बारा फाशांचे सहा-सहाचे दोन ढीग करा, डावा आणि उजवा. पीटरलाही डाव्या ढिगावरच खेळू द्या. फासे सारखेच असल्याने त्याच्या संधीत काही फरक पडत नाही. आता दोघांचा निकाल एकाच दानावर लागतो, म्हणून तुलना थेट करता येते. बहुतेक वेळा दोघं एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात. निकाल वेगळा लागतो तो दोनच परिस्थितींत. डाव्या ढिगात नेमका एक सहा आणि उजव्यात एकही नाही: पीटर जिंकतो, जेम्स हरतो. डाव्यात एकही नाही आणि उजव्यात दोन किंवा जास्त: पीटर हरतो, जेम्स तरतो.

दोन्हींत एक ढीग रिकामा आहे, तो भाग समान, तो सोडून द्या. उरली एकच तुलना: सहा फाशांवर नेमका एक सहा पडणं जास्त संभवनीय, की दोन किंवा अधिक? नेमक्या एका सहाच्या निष्पत्ती ६ गुणिले ५ चा पाचवा घात, म्हणजे १८,७५०. दोन किंवा अधिकच्या उरतात १२,२८१. पहिली संख्या मोठी, म्हणून पीटर पुढे. फरकही यातूनच तंतोतंत मिळतो: १८,७५० वजा १२,२८१ म्हणजे ६,४६९, त्याला रिकाम्या ढिगाच्या १५,६२५ ने गुणायचं आणि ४६,६५६ च्या वर्गाने भागायचं. येतात ४.६४ टक्के, म्हणजेच ६६.५१ वजा ६१.८७.

‘पाच किंवा सहा’च्या खेळात हीच तुलना उलटते. ७२९ पैकी १९२ मध्ये नेमकं एक दान आणि ४७३ मध्ये दोन किंवा जास्त. म्हणून तिथे जेम्स पुढे. न्यूटनने जेम्सचं नुकसान पाहिलं, एकटा सहा वाया गेला ते. डावा ढीग रिकामा असताना उजव्याने त्याला तारल्याच्या खेपा त्याच्या स्पष्टीकरणात आल्याच नाहीत. त्याच्या अपूर्णांकात मात्र त्या मोजलेल्या आहेत, कारण हिशेब सगळ्या निष्पत्तींचा होता.

पीप्सच्या तिन्ही पैजांचं वैशिष्ट्य आता दिसतं: मागणी बरोबर सरासरीइतकी आहे. सहा फाशांवर सरासरी एक सहा, मागणीही एक. अठरांवर सरासरी तीन, मागणीही तीन. फासे वाढवत गेलं की ‘सरासरीइतके किंवा जास्त’ याची संधी घसरत घसरत निम्म्याकडे जाते, पण निम्म्याखाली जात नाही. ६०० फासे टाकून किमान १०० सहा पाडायचे म्हटलं, तर संधी साधारण ५२ टक्के. ही घसरण अखंड चालते, मध्येच कुठे वर चढत नाही, याची सिद्धता चाँडी आणि बुलार्ड या दोघांनी १९६० साली दिली, आणि प्रश्नाला नाव दिलं पत्र पोचवणाऱ्या त्या जॉन स्मिथचं.

मागणी सरासरीच्या निम्मी असेल, जशी ‘पाच किंवा सहा’च्या खेळात होती, तर फासे वाढतील तशी संधी शंभर टक्क्यांकडे चढते. मागणी सरासरीच्या वर असेल तर ती शून्याकडे जाते. तीन फाशांत किमान एक सहा ४२.१ टक्के, सहा फाशांत किमान दोन सहा २६.३ टक्के. फाशांची संख्या वाढली की निकाल सरासरीच्या भोवती गोळा होतो. आपली मागणी सरासरीच्या अलीकडे आहे, पलीकडे आहे की नेमकी तिच्यावरच, यावर त्याचा फायदा होणार की तोटा ते ठरतं. पीप्सला ‘जास्त फासे, जास्त वाव’ असं वाटलं, ते अलीकडच्या बाजूला खरं आहे. त्याची पैज नेमकी त्या रेषेवर होती.

पुढच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न आणखी कडक रूपात आला. पीटर हा फाशीची शिक्षा झालेला कैदी. त्याच्या मित्राने रदबदली करून त्याला जीव वाचवायची एक संधी मिळवून दिली आहे: तीनपैकी कोणतीही एक पैज निवडायची आणि फासे एकदाच टाकायचे. त्याने कोणती निवडावी? सहा फासे निवडले तर वाचण्याची संधी साडेसहासष्ट टक्के, अठरा निवडले तर साठाच्याही आत. पीप्सने जॉर्ज टॉलेट या गणितज्ञाकडूनही हिशेब तपासून घेतला. न्यूटनचं नाव पुरेसं न मानता त्याने हे केलं, याचं मला कौतुक वाटतं.

कारखान्यात आलेला माल तपासताना हा प्रश्न आजही उभा राहतो. नियम असा समजा: दहा नग काढायचे, जास्तीत जास्त एक सदोष चालेल. कुणी म्हणतं, वीस काढू आणि दोन सदोष चालवू, एकूण एकच. त्रैराशिक तेच. मालात खरोखर ५ टक्के दोष असेल, तर पहिल्या नियमाने माल पास होण्याची संधी ९१.४ टक्के आणि दुसऱ्याने ९२.५. दोष २० टक्के असेल, तर पहिल्याने ३७.६ आणि दुसऱ्याने २०.६. चांगला माल थोडा अधिक सुटतो, वाईट माल बराच अधिक अडतो. म्हणून वीस नग तपासायचा जादा खर्च परवडत असेल, तर दुसरा नियम घ्यावा.